महापालिकेच्या घुमटाखाली एक रविवार

सीएसएमटी स्टेशनच्या समोर, जिथे दादाभाई नौरोजी रस्ता आणि महापालिका मार्ग एकमेकांना मिळतात, तिथे कोणत्याही संध्याकाळी जा. दहा-वीस माणसं मोबाइल उंच धरून उभी दिसतील. सगळ्यांची तोंडं स्टेशनकडे आणि पाठ महापालिकेकडे. स्टेशन देखणं आहे, त्यात वाद नाही. जागतिक वारशाच्या यादीत २००४ सालीच त्याचं नाव लागलं. पण ज्या इमारतीला टेकून हे फोटो निघतात, ती त्याच वास्तुविशारदाने, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने, त्या स्टेशनानंतर बांधली. माझ्या मते दोघींत ही जास्त चांगली.

मीही चाळीसेक वर्षं तिच्याकडे पाठ करूनच उभी राहिले. लहानपणी अब्बांचं बोट धरून, पुढे कॉलेजला जाताना बसची वाट बघत. अब्बा गोदीत कामाला होते. खेडकडच्या आमच्या गावातून मुंबईला आलेली ही पहिली पिढी. रविवारी ते आम्हाला फोर्टात फिरायला आणायचे, म्हणजे चालवायचे आणि शेवटी भाजलेले शेंगदाणे घेऊन द्यायचे. एकदा मी विचारलं होतं, या इमारतीत कोण राहतं? अब्बा म्हणाले, "कोणी राहत नाय, बाय. इथे आपला हिशेब ठेवतात." पाण्याचा, कचऱ्याचा, जन्माचा, मरणाचा हिशेब, असं त्यांना म्हणायचं होतं. मला वाटलं, किरामन कातिबीनसारखे कोणी खांद्यावर बसलेले लिहिणारे तिथे आत असणार. बरीच वर्षं मी त्या घुमटाकडे जरा भीतीनेच बघायचे.

२०२१ च्या जानेवारीपासून ही इमारत सर्वसामान्यांना आतून बघता येते. शनिवार-रविवारी वारसाफेरी निघते, बरोबर माहिती सांगणारा माणूस असतो. माझा भाचा आर्किटेक्चर शिकतो. तो मागे लागला होता, "खाला, आपण जाऊया." दोनदा बेत रद्द झाला, तिसऱ्यांदा गेलो. दाराशी बॅग तपासली गेली, ओळखपत्र दाखवलं. आत पाऊल टाकताना मला सवयीने वाटलं की हातात एखादा अर्ज असायला हवा होता. सरकारी दारातून मी आजवर अर्जाशिवाय कधी आत गेले नव्हते.

आधी बाहेरूनच सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. जागा त्रिकोणी, दोन रस्त्यांच्या बेचक्यात अडकलेली. अशा जागेवर इमारत बांधायची म्हणजे समोसा नीट कापण्यासारखं आहे, कोपरा वाया जातोच. स्टीव्हन्सने कोपरा वाया घालवला नाही. टोकालाच त्याने मनोरा आणि मुख्य दार ठेवलं आणि दोन्ही रस्त्यांच्या कडेने दोन पंख मागे पसरवले. त्यामुळे चौकात उभं राहिलं की इमारत आपल्याकडे चालत येतेय असं वाटतं. मनोरा २५५ फूट उंच. त्याच्या डोक्यावर कांद्यासारखा फुगीर घुमट आणि आजूबाजूला धाकटे घुमट. कमानींना पाकळ्यांसारखी कातर. खालच्या भागात मात्र युरोपातल्या गॉथिक इमारतींचं वळण: टोकदार कमानी, दगडी प्राणी, कोरलेली पानंफुलं. दर्शनी भागाच्या माथ्यावर पंख असलेली एक स्त्री उभी आहे. हिंदुस्थानातलं पहिलं शहर, 'अर्ब्स प्रायमा इन इंडिस', हे मुंबईचं तेव्हाचं बिरुद. ते बिरुद म्हणजे ही स्त्री. खालून ती लहान दिसते. भाच्याने फोन झूम करून दाखवली तेव्हा तिचा रुबाब कळला.

पायाचा दगड बसवला ९ डिसेंबर १८८४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी. स्थानिक स्वराज्याची भाषा करणारा हाच तो व्हाइसरॉय, त्यामुळे दगड योग्य हातांनी बसला असं म्हणायला हरकत नाही. पण दगड बसला म्हणजे इमारत उभी राहिली असं तेव्हाही नव्हतं. आराखड्यांवरून बराच काळ गेला. मद्रासकडे नाव कमावलेले आर. एफ. चिझोम यांचाही आराखडा होता. अखेर काम स्टीव्हन्सकडे गेलं आणि १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली. अंदाज होता ११,८८,०८२ रुपयांचा, खर्च झाला ११,१९,९६९ रुपये. म्हणजे ६८,११३ रुपये वाचले. हा आकडा ऐकल्यावर आमच्या गटात जो हशा पिकला त्याचं कारण मुंबईकराला सांगायला नको. एका काकांनी तो आकडा पुन्हा विचारून घेतला, डायरीत लिहिला.

आत शिरल्यावर जिना येतो. थेट घुमटाखाली. रुंद आणि वळत वर जाणारा. वर बघितलं की मान मागे जाते आणि डोक्यावरचा ओढणीचा पदर सरकतो. मी गोल घुमट पाहिलाय, दिल्लीतला हुमायूनचा मकबरा पाहिलाय. तिथे घुमटाखाली उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो, कारण खाली कोणीतरी झोपलेलं असतं. इथे घुमटाखाली झोपलेलं कोणी नाही, आणि हे मला फार आवडलं. घुमटाखाली जिना आहे, आणि जिन्यावरून एरवी फायली घेऊन माणसं चढतात-उतरतात. बापट, शेख, डिसोझा, गायकवाड. ज्या आकाराची सवय आम्हाला मजारींवर आणि मशिदींवर आहे, तो इथे कामाला लावलाय.

इथेच आमच्या गटात वाद सुरू झाला. माहिती सांगणारा तरुण चांगला होता, मन लावून सांगत होता. तो म्हणाला, "या शैलीला इंडो-सारासेनिक म्हणतात. खालचा भाग युरोपियन आणि वरचे घुमट इस्लामिक." त्यावर एक गृहस्थ शेजारच्याला हळूच, पण ऐकू जाईल इतक्या हळूच, म्हणाले, "म्हणजे इथेही त्यांचंच." 'त्यांचं' म्हणजे कोणाचं हे स्पष्ट होतं. माझी ओढणी त्यांच्या नजरेच्या टप्प्यात होती. ते ओशाळले की नाही, माहीत नाही. उलट माझा भाचा एकदम खुलला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बघ खाला, आपल्या घुमटाशिवाय इंग्रजांचंही भागलं नाही."

मला दोघांचाही राग आला. त्या गृहस्थांचा थोडा, भाच्याचा जास्त, कारण तो घरचा.

'सारासेन' हा शब्द आमचा नाही. मध्ययुगातल्या युरोपाने अरबांना आणि एकूणच मुसलमानांना दिलेलं ते नाव. क्रूसेडच्या गोष्टींतून आलेलं, शत्रूला उद्देशून वापरलेलं. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या कोणत्या मुसलमानाने आयुष्यात कधी स्वतःला सारासेन म्हटलं असेल? इंग्रज वास्तुविशारद इथे आले, त्यांना इथल्या इमारती दिसल्या, आणि त्यांनी पुस्तकं लिहून त्यांची धर्माप्रमाणे कपाटं केली: ही हिंदू, ही मुसलमानी, ही जैन. जनगणनेतही त्यांनी तेच केलं. मग त्याच कपाटांतून हवे ते तुकडे काढून नव्या इमारतींवर बसवले आणि त्याला नाव दिलं. आपण ते नाव दीडशे वर्षं वापरतोय. एक त्यावर नाक मुरडतो, दुसरा त्यावर छाती फुगवतो. कपाट मात्र दोघांनाही मान्य आहे.

घुमटाला धर्म असता तर रायगडावरच्या जगदीश्वराच्या देवळाचं काय करायचं? ज्यांनी ते पाहिलंय त्यांना माहीत आहे की त्यावर घुमट आहे, लांबून पाहणारा क्षणभर फसतो. हिरोजी इंदुलकरांनी ते शिवाजी महाराजांच्या डोळ्यांदेखत बांधलं. महाराजांना घुमट खटकला नाही, कारण गवंडी ज्या पद्धतीने काम करत होते ती दख्खनची पद्धत होती, शहाजीराजांपासून घरच्या सवयीची. गोव्यात मंगेशीला जा, शांतादुर्गेला जा, देवळांवर घुमट आहेत. महाराष्ट्रातल्या किती वाड्यांच्या दिवाणखान्यात पाकळ्यांच्या कमानी आहेत, मोजून संपणार नाहीत. महापालिकेपासून चालत दहा मिनिटांवर जीपीओ आहे. त्याचा भला थोरला घुमट जॉन बेगने विजापूरच्या गोल घुमटावर बेतला. ज्या आदिलशाहीत तो गोल घुमट उभा राहिला, तिच्या दरबारात मराठे सरदार होते आणि महसुलाच्या दप्तरात मराठी. मग तो घुमट 'त्यांचा' की 'आपला'? पोस्टात मनीऑर्डर करायला येणाऱ्या माझ्या नानीला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तिला रांग किती मोठी आहे एवढीच काळजी असायची.

भाच्याला मी खाली आल्यावर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "खाला, पण अभिमान वाटू नये का?" वाटावा ना. विजापूरच्या गवंड्याचा वाटावा, गणिताचा वाटावा, की एवढा मोठा घुमट मध्ये एकही खांब न देता कसा पेलला. पण आपल्याकडे अभिमान बहुतेक वेळा आळशी असतो. घुमट कोणी आणि कसा बांधला ते वाचायचं नाही, फक्त आकार ओळखला की 'आपला' म्हणायचं. आमच्या समाजात गेलेल्या वैभवावर बोलायला माणसं रांगेने मिळतात. कोर्दोबा, बगदाद, ताजमहाल. वॉर्डातल्या नाल्यावर बोलायला मिळत नाहीत. आणि या इमारतीत तर नाल्यावरच बोलायचं असतं.

सभागृहात गेलो तेव्हा मला हेच जास्त जाणवलं. ६५ फूट लांब, साडेबत्तीस फूट रुंद, ३८ फूट उंच. लाकडाचं कोरीव छत, भिंतींवर जुन्या पुढाऱ्यांच्या तसबिरी, पुतळे. खोली सुंदर आहे आणि आजच्या हिशेबाने लहान आहे. लहान असण्याचं कारण सोपं आहे. १८८८ च्या कायद्याने महापालिकेत ७२ सभासद होते. हा कायदा घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते फिरोजशहा मेहता बाहेर दारासमोर पुतळा होऊन उभे आहेत. त्या ७२ पैकी निम्मे काय ते वॉर्डांतून निवडून यायचे, आणि मत देण्याचा हक्क कर भरणाऱ्यांनाच. गिरणीकामगार, हमाल, माझ्या आजोबांसारखे बोटीवरचे खलाशी, यांना मुंबईने ठेवून घेतलं होतं, पण मत दिलं नव्हतं. प्रौढ मतदानाने महापालिकेची निवडणूक झाली ती थेट १९४८ मध्ये. आज सभासद २२७ आहेत, त्यात निम्म्या जागा बायकांच्या. ७२ जणांसाठी काढलेल्या दालनात २२७ जणांनी बसायचं म्हणजे दाटीवाटी होणारच. मला ती दाटी बघायची होती. या इमारतीची खरी शोभा ती आहे, असं मला वाटतं.

पण सभागृह रिकामं होतं. रविवार होता म्हणून नव्हे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हापासून २०२३ मध्येही निवडणूक झालेली नव्हती. कारभार तेव्हा प्रशासकाकडे होता. देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका, आणि तिच्या सभागृहात बोलायला निवडून आलेला एकही माणूस नव्हता. आम्ही वारसा म्हणून ज्या खुर्च्या बघत होतो त्यांवर त्या वेळी खरोखरच कोणी बसत नव्हतं. माहिती देणारा तरुण याबद्दल काही बोलला नाही, बोलण्याची ती जागाही नव्हती. डायरीवाल्या काकांनी मात्र विचारलं, "सध्या इथे मीटिंग कोण घेतो?" तो तरुण हसला आणि छताकडे बोट दाखवून पुढचं सांगू लागला.

रिकाम्या सभागृहाने कोणाचं सगळ्यात जास्त अडतं? ज्याच्याकडे ओळख आहे, वकील आहे, फोन आहे, त्याचं नाही. अडतं ते गोवंडीतल्या, मदनपुऱ्यातल्या, बेहरामपाड्यातल्या बाईचं, जिचं पाणी तीन दिवस आलेलं नाही आणि जिला अधिकारी भेटत नाही, पण नगरसेवक निदान दारात सापडायचा. तो चांगला होता असं मी म्हणत नाही. काही तर फार वाईट होते. पण पाच वर्षांनी त्याला आपल्या गल्लीत यावं लागायचं.

मदनपुऱ्याचं नाव घेतलं म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. ही इमारत उघडून तीनच वर्षं झाली आणि शहरात प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतला रोग प्लेगच आहे हे ओळखलं डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. मूळ गोव्याचे हे डॉक्टर महापालिकेचे सभासदही होते. पुढे घरोघरी तपासण्या सुरू झाल्या, संशयितांना उचलून इस्पितळात नेणं सुरू झालं. परक्या पुरुषांनी घरात शिरून बायकांना तपासायचं, हे ना हिंदूंना सहन झालं ना मुसलमानांना. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातल्या जुलाह्यांनी, म्हणजे उत्तरेतून आलेल्या मुसलमान विणकरांनी, एका आजारी मुलीला तपासायला आलेल्या पथकाला अडवलं आणि त्यातून दंगल पेटली. गोळीबार झाला, माणसं मेली. प्लेग खरा होता आणि डॉक्टरांचं म्हणणंही बरोबर होतं. जुलाह्यांची भीतीही खरी होती. दोघांच्या मध्ये बोलणारा माणूस नव्हता, कारण जुलाह्यांना मत नव्हतं आणि या सुंदर सभागृहात त्यांची भाषा बोलणारं कोणी बसलेलं नव्हतं.

१२२ वर्षांनी करोना आला तेव्हा मला हीच गोष्ट आठवत होती. ३० मार्च २०२० रोजी महापालिकेने परिपत्रक काढलं, की करोनाने मेलेल्यांचं दहनच करावं, धर्म कोणताही असो. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात फोनवर फोन चालले होते. मरणापेक्षा मरणानंतरची भीती मोठी झाली होती. अब्बा तेव्हा आजारी होते, साधाच आजार होता, पण त्यांनी मला विचारलं, "बाय, मला जाळतील काय?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे कोणत्याच मुलीला शिकवलेलं नसतं. पण या वेळी बोलणारे होते. लोकप्रतिनिधींनी आवाज उठवला, आणि परिपत्रक त्याच दिवशी मागे घेतलं गेलं. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानांत असे दफनविधी नकोत म्हणून काही लोक उच्च न्यायालयात गेले, तेव्हा महापालिकेने दिलेली दफनाची परवानगी मे महिन्यात न्यायालयाने कायम ठेवली. तीच महापालिका, दोन्ही वेळा. अन्याय झाला की आपण वर्षानुवर्षं सांगत राहतो, दुरुस्ती झाली की विसरतो. मीही विसरले होते. सभागृहात उभी असताना आठवलं.

अब्बा त्या वर्षी गेले नाहीत, अल्लाहच्या मेहरबानीने. ते नंतर गेले, आणि त्यांना कब्रस्तानात नीट माती मिळाली.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, २०१९ संपता संपता, आमच्या घरात दुसराच उद्योग चालला होता. ट्रंका उघडल्या होत्या. नागरिकत्वाच्या चर्चा चालू होत्या आणि घरोघरी लोक जुने कागद शोधत होते. अब्बांच्या नावाचे तीन कागद सापडले. एकावर हुसेन, दुसऱ्यावर हुसैन आणि तिसऱ्यावर, गावाकडच्या कोणा मास्तराने ऐकून लिहिलेलं, उसेन. तिसरं सगळ्यात खरं होतं, कारण गावात त्यांना तशीच हाक मारत. पण कार्यालयाला खरं नको असतं, एकसारखं हवं असतं. दुरुस्तीसाठी मी एका कार्यालयात सहा वेळा गेले. कोणतं, ते सांगत नाही. सहाव्या वेळी टेबलामागचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमच्यात नावंच अशी असतात." आमच्यात! त्याच्या पाटीवरचं त्याचं आडनाव इंग्रजीत एक आणि मराठीत दुसरं होतं, ते मी त्याला दाखवलं. तो हसला आणि काम झालं. राग आला होता, पण खरं सांगते, तो हसला ते मला आवडलं.

म्हणून मला अब्बांचं ते वाक्य या इमारतीत पुन्हा ऐकू आलं. इथे आपला हिशेब ठेवतात. त्यात भीती आहेच. लिहिणाऱ्याने नाव चुकीचं लिहिलं तर? नाव गाळलं तर? पण हिशेब दोन्ही बाजूंनी असतो, ही गोष्ट अब्बांनी सांगितली नव्हती आणि मला पन्नाशीत कळली. आपणही लिहिणाऱ्याचा हिशेब ठेवायचा असतो, आणि तो ठेवायची जागा नेमकी हीच. ती आमच्या माणसांना पूर्वी माहीत होती. रहिमतुल्ला सयानी १८७६ पासून महापालिकेत होते आणि १८८८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी तो मोठा कायदा झाला त्याच वर्षी, महापालिकेचे अध्यक्ष झाले. पुढे १८९६ मध्ये काँग्रेसचेही. युसूफ मेहेरअली १९४२ मध्ये मुंबईचे महापौर झाले तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती. नाव पुढे आलं तेव्हा ते तुरुंगात होते. 'छोडो भारत'साठी 'क्विट इंडिया' हे शब्द सुचवणारे तेच. भाच्याला मी विचारलं, मेहेरअली कोण? म्हणाला, "नाव ऐकलंय." सयानी? ते ऐकलंही नव्हतं. हुमायूनच्या मकबऱ्याच्या घुमटाचा व्यास मात्र त्याला पाठ होता. यात त्याची चूक कमी, आमची जास्त. आम्ही त्याला बादशहा सांगितले, नगरसेवक सांगितले नाहीत. कराचं बिल वाचून त्यावर चार तास भांडणारा माणूस कोणाला सांगावासा वाटतो?

स्टीव्हन्सबद्दल एक राहिलं. हा माणूस इंग्लंडात बाथला जन्मला, मुंबईत इतकी वर्षं काम केलं आणि १९०० साली मुंबईतच मलेरियाने गेला. शिवडीच्या स्मशानभूमीत त्याची कबर आहे. डास मारणं हे महापालिकेचं काम, आणि महापालिकेचं घर बांधणाऱ्याला डासाने नेलं. हे ऐकून आमच्या गटातल्या एक आजी "अरेरे" म्हणाल्या, अगदी मनापासून, जणू कालच गेला. मघाशी 'त्यांचंच' म्हणणारे गृहस्थही चुकचुकले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, खेडच्या. "अहो, मग आमच्याच बाजूच्या! मी दापोलीचा." पुढची दहा मिनिटं आम्ही घुमट सोडून जगबुडीच्या पुरावर आणि मुंबई-गोवा रस्त्याच्या खड्ड्यांवर बोललो. आमचं पूर्ण एकमत झालं.

माझं महापालिकेला एकच म्हणणं आहे. फेरी चांगली आहे, ती शनिवार-रविवारपुरती ठेवू नका. एखाद्या बैठकीच्या दिवशीही वरच्या गॅलरीत शाळेच्या मुलांना बसवा. मदनपुऱ्याच्या उर्दू शाळेतली मुलं आणा, गिरगावातली मराठी शाळेतली आणा, एकाच बाकावर बसवा. कामकाज मराठीतून चालतं, उर्दू शाळेतल्या पोरांना ते का शिकावं हे तिथे सांगावं लागणार नाही. आरडाओरडा ऐकू दे त्यांना. कमानी बघायला नंतरही वेळ आहे.

बाहेर आलो तेव्हा सहा वाजून गेले होते. समोर स्टेशनवर दिवे लागत होते आणि नेहमीची गर्दी फोन वर धरून उभी होती. मी रस्त्याच्या कडेला जाऊन उलट तोंड केलं, म्हणजे महापालिकेकडे, आणि मान वर करून त्या पंखवाल्या बाईला शोधू लागले. माझ्या मागे एक तरुण जोडपं फोटो काढत होतं. त्यांच्या चौकटीत बहुधा मी येत होते. मुलगा थोडा वेळ थांबला आणि मग अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, स्टेशन तिकडे आहे."